ती तांबोशी मी धरली होती

अहो, तुमची शोकसभा फार झकास झाली. तुम्ही असतात तर पहिल्या रांगेत बसून मान डोलवली असतीत. सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. एमआयडीसीतली तुमची माणसं शिफ्ट सुटल्यावर तशीच मोटरसायकली लावून आली. स्टेजवर तुमचा फ्लेक्स होता, माणसापेक्षा उंच. डोक्यावर टोपी, अंगात नुसत्या खिशांचं जाकीट, एका हातात रॉड आणि दुसऱ्या हातात ती तांबोशी मासळी. खाली लिहिलं होतं, 'दर्याचा राजा हरपला'.

बारामतीत. जिथनं दर्या बघायचा तर अख्खा सह्याद्री उतरून जावं लागतं.

मग प्रमोदराव बोलायला उठले. आधी त्यांनी माइकवर फुंकर मारली, मग रुमाल काढला, मग पाण्याचा घोट घेतला. कंत्राटदार माणूस, पाया भरल्याशिवाय भिंत उचलत नाही. म्हणाले, "त्या दिवशी खाडीच्या तोंडाशी सुधाकररावांनी त्या माशाशी जी झुंज दिली, तिचा मी साक्षीदार आहे."

साक्षीदार! त्या दिवशी हा साक्षीदार बोटीच्या तळाला ताडपत्रीवर पालथा पडला होता आणि "देवा, किनारा दाव" एवढंच बोलत होता. मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या जोशीवहिनींनी माझ्या पाठीवर हात ठेवला, त्यांना वाटलं मला रडू आवरत नाही. मी हसू दाबत होते. दाबता दाबता खरंच रडू आलं, आणि ते तरी तुमच्यासाठी होतं की संतापाचं, मला सांगता येणार नाही.

तुम्ही गेलात, आणि मासा अजून तुमच्याच नावावर आहे. संसारात आपली भांडणं पुष्कळ झाली, पण बाकीची सगळी कशीबशी मिटली. हे एक मिटवायच्या आधीच तुम्ही ऑफिसच्या खुर्चीत मान टाकलीत. कुणाशी भांडू मी आता? म्हणून हे लिहितेय. आणि मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असं तुमच्या मित्रांना वाटत असेल, मला वाटत नाही.

तुम्हाला हा नाद लागला तो चाळिशी उलटल्यावर. तोवर तुम्ही बरे होतात. दूध प्रक्रियेच्या कारखान्यात प्रॉडक्शन सांभाळणारा, घरी येऊन वरणभात खाणारा, सुट्टीला अंथुर्ण्याला आईकडं जाऊन येणारा सरळ माणूस. मग प्रमोदराव आणि ते दाताचे डॉक्टर तुम्हाला एकदा कोकणात घेऊन गेले, तिथं भाड्याच्या बोटीत बसून तुम्ही खाडीत गळ टाकला, आणि परत आलात ते दुसरेच कुणीतरी होऊन. तिघांनी व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला, 'दर्यावर्दी'. तीन मेंबर. रोज सकाळी एकमेकांना नांगराचं चित्र पाठवायचे.

मग घरात पार्सलं यायला लागली. रॉड, रीळ, आणि डब्यांतले ते रंगीबेरंगी नकली मासे. आपल्या गच्चीवर उभं राहून तुम्ही गळ फेकायचा सराव करायचात. एकदा तुमचा गळ समोरच्या कुलकर्ण्यांच्या दोरीवरच्या चादरीत अडकला. तुम्ही इकडून रीळ फिरवताय, तिकडून कुलकर्णीबाई चादर ओढतायत. तुम्ही मला खाली पाठवलंत सोडवायला. स्वतः टाकीमागं लपलात. दर्याचा राजा.

हे सगळं मी सोसलं असतं. नवऱ्याला एखादा छंद असावा, दारूपेक्षा बरा, असं मी माझ्या मैत्रिणींनाही सांगायचे. पण तुम्हाला मासे धरायचे होते आणि माझ्या माहेराला हसायचंही होतं. मी पळसदेवची. उजनी धरणाच्या फुगवट्याचं पाणी आमच्या काकडीच्या शेताच्या बांधाला लागतं. लहानपणी मी आणि दादा शाळा सुटली की काठावर जाऊन बसायचो. हातात नुसता दोरा, गळाला गांडूळ. बुडालेल्या बाभळींच्या बुंध्यात मरळ असायची, ती कशी काढायची हे मला आठवीत येत होतं. पण तुमच्या लेखी ते मासे धरणंच नव्हतं.

एकदा दादानं तुम्हाला मुद्दाम बोलावलं. होडीत बसवून आत नेलं, तुमच्या त्या भारीतल्या रॉडला चिलापी लागली, तर तुम्ही ती दोन बोटांत धरून म्हणालात, "हे काय मासे? डबक्यातला माल. समुद्राचा मासा बघ, कसा ताठ असतो." मग तिला पाण्यात सोडायच्या आधी ओठांशी धरून फोटो काढायला सांगितलंत, परदेशातली माणसं काढतात तसा.

दादा होडी वल्हवत होता. तो म्हणाला, "दाजी, ह्यो मासा खायाला हाय. मुका घ्यायला न्हाय."

तुम्ही त्याच्याशी वर्षभर धड बोलला नाहीत. आणि मला मात्र घरी जाता जाता ऐकवलंत, "तुमच्या लोकांना स्पोर्ट कळत नाही." तुमच्या लोकांना! जणू तुम्ही अंथुर्ण्यात जन्मलाच नव्हतात, एखाद्या जहाजावर जन्मला होतात.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत डॉक्टरांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि बोटीतली एक जागा रिकामी झाली. बोट ठरलेली, खोल्या ठरलेल्या. मी पोळ्या लाटता लाटता म्हणाले, "मी येते."

तुम्ही पेपर खाली केलात. "तू काय करणार तिथं?"

"तुम्ही काय करता?"

"वैशाली, ते ट्रिपला जाण्यासारखं नाही. बोट हलते. उन्हात बसावं लागतं. बाथरूम नसतं."

"आमच्या शाळेतही नव्हतं बरीच वर्षं. गणित शिकवतच होते ना मी?"

तुम्ही प्रमोदरावांना फोन लावलात. हॉलमधून बाल्कनीत गेलात, दार लावलंत. आत आलात ते एखाद्या नातेवाइकाची वाईट बातमी आणल्यासारखं तोंड करून. "ते म्हणतायत, ठीक आहे. वहिनी स्वयंपाकाचं बघतील."

तिथं उपाशी मरू नये म्हणून मला बोलावलं जात होतं, हे मला कळलं. तरी मी निघाले. फलटण, सातारा करत आपण पाटणच्या बाजूनं कुंभार्ली घाट उतरलो. पुढच्या सीटवर तुम्ही दोघं हवा, भरती, ओहोटी असं मोठ्यानं बोलत होतात, मागं मी आणि बर्फाची पेटी. घाटात मला मळमळलं तेव्हा तुम्ही गाडी थांबवलीत, बाटलीतलं पाणी स्वतः माझ्या ओंजळीत ओतलंत, हे मी विसरलेले नाही. पण तेवढ्यात प्रमोदराव म्हणाले, "घाटातच असं, तर बोटीत काय?" आणि तुम्ही हसलात. तेही विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीवर गेलो. बोटवाले इकबालभाई, वयस्कर, मितभाषी माणूस. त्यांनी मला हात देऊन बोटीत घेतलं आणि विचारलं, "ताई, पोहायला येतं?" मी म्हटलं, येतं. तुम्ही माझ्याकडं वळून बघितलंत. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि तुम्हाला हे माहीत नव्हतं. धरणाच्या काठी वाढलेल्या मुलीला पोहता येत असेल का, हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाच नव्हता.

खाडीच्या तोंडाशी, जिथं समुद्राची लाट आत शिरते, तिथं बोट वर गेली आणि धाडकन खाली आली. प्रमोदरावांनी पहिला पोहे-चहा तिथंच समुद्राला अर्पण केला. मग दुसरा हप्ता. मग ते ताडपत्रीवर पालथे झाले आणि पुढं जे जे घडलं त्यातलं त्यांनी काही बघितलं नाही. लक्षात आहे ना तुमच्या? साक्षीदार म्हणे.

तुम्ही उभे राहून नकली मासे फेकत होतात. लाल, पिवळा, चमचमणारा. प्रत्येक वेळी फेकताना जाकिटाचे खिसे वाजायचे. काही लागेना. तुम्ही म्हणालात, पाणी गढूळ आहे. मग म्हणालात, वारा चुकीचा आहे. मग इंजिनाच्या आवाजाला दोष दिलात, तेव्हा इंजिन बंद होतं.

शेवटी इकबालभाईंनी बोट आत वळवली आणि खारफुटीच्या कडेला, खडकाजवळ नांगर टाकला. भरती लागली होती. पाणी झाडांच्या मुळांत शिरत होतं, आणि ती मुळं बघून मला आमच्या बुडालेल्या बाभळी आठवल्या. मी इकबालभाईंना विचारलं, "नुसता दोरा आहे का तुमच्याकडं? हातानं टाकायचा?"

त्यांनी फळीखालून लाकडी तुकड्याला गुंडाळलेला जाड दोरा काढून दिला. बादलीतली जिवंत कोळंबी मीच गळाला लावली. तुम्ही म्हणालात, "खेळू दे तिला." इकबालभाईंना उद्देशून म्हणालात. मी ऐकलं.

आता तुम्हालाच मी काय सांगू त्यापुढचं? तुम्ही ते माझ्यापेक्षा जास्त वेळा सांगितलंय. दोरा आधी सैल पडला. मला वाटलं, कोळंबी खाऊन गेली. मग बोटाला बारीक ठणका लागला, नाडीसारखा, आणि दुसऱ्याच क्षणी दोरा असा पळाला की हातातून धूर निघेल. ती मुळांकडं निघाली होती. मुळांत गेली की संपलं, हे मला मरळीनं शिकवलं होतं. मी ढील दिली नाही. दोरा तळव्याभोवती घेतला आणि मागं झुकले. तळवा चिरला. मी ओरडले नाही, दात आवळून ओढत राहिले, आणि तेवढ्यात लाट आली, बोट एका बाजूला कलली आणि माझे पाय फळीवरून सुटले.

तेव्हा तुम्ही मला मागून धरलंत.

हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत, म्हणून मी सांगते. तुम्ही रॉड टाकून दिलात. तो पाण्यातच जायचा, इकबालभाईंनी पायानं अडवला. तुम्ही दोन्ही हात माझ्या कमरेभोवती घातलेत आणि स्वतः बोटीच्या तळाला बसकण मारलीत, म्हणजे पडलो तर दोघंही आत पडू. लग्नाच्या वरातीत माझा हात धरायला लाजलेला माणूस तुम्ही. "सोड दोरा, वैशाली, सोड," म्हणत होतात, आणि मी सोडत नव्हते, तर तुम्हीही सोडत नव्हतात. तुमची हनुवटी माझ्या पाठीत रुतत होती. तुमच्या छातीची धडधड मला पाठीला कळत होती. तीच छाती, जिनं पुढं ऑफिसच्या खुर्चीत दगा दिला. तेव्हा किती घट्ट होती.

इकबालभाईंनी दांड्याची जाळी खाली घातली आणि तांबोशी वर आली. तांबूस, जाडजूड, डोळ्यांत राग भरलेली. माझ्या हाताएवढी लांब. बोटीत आदळली तशी मी हसायला लागले, आणि तुम्ही माझ्या तळव्याचं रक्त बघून पांढरे पडलात. तुमचा रुमाल फाडून तुम्ही माझा हात बांधलात. गाठ सैल बांधलीत, पण बांधलीत. मी म्हणाले, "धरा ना जरा हिला, मला एका हातानं नाही जमत." आणि मी ती तुमच्या हातात दिली.

तेवढ्यात साक्षीदार उठले. माशाच्या वासानं की गडबडीनं, कोण जाणे. त्यांनी बघितलं, तुम्ही उभे आणि तुमच्या हातात तांबोशी. "वा रे वाघा!" असं ओरडून त्यांनी पडलेला रॉड तुमच्या दुसऱ्या हातात कोंबला, फोन काढला आणि फोटो घेतला. बोट धक्क्याला लागायच्या आत तो ग्रुपवर, मग त्यांच्या स्टेटसला, मग तुमच्या कंपनीत. मी त्या फोटोत नाही. नीट बघितलं तर कडेला रुमाल बांधलेल्या हाताचं कोपर दिसतं. फ्लेक्सवाल्यानं ते कापलंय.

मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. तुम्ही एक वाक्य बोलायचं होतं. मोठं नाही. 'हिनं धरली' एवढं. इकबालभाई तोंड उघडत होते, पण त्यांनी तुमच्याकडं बघितलं आणि मिटलं. गिऱ्हाईक तुम्ही होतात.

संध्याकाळी हॉटेलवाल्यानं ती तांबोशी कापून रवा लावून तळली. प्रमोदराव आता बरे झाले होते आणि शेजारच्या टेबलांना तुमची ओळख करून देत होते. मधला तुकडा त्यांनी तुम्हाला वाढला. तुम्ही खाल्लात. मला शेपटाकडचा आला.

परत येताना प्रमोदराव चिपळूणला त्यांच्या पाहुण्यांकडं उतरले आणि घाट चढताना मी विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाही?"

"काय?"

"मासा कुणी धरला ते."

तुम्ही गिअर बदललात. "अगं, काय फरक पडतो? आपल्याच घरचा ना मासा. तुझं-माझं काय वेगळं आहे?"

तुझं-माझं काय वेगळं! हे वाक्य तुम्ही फार वापरलंत. जेव्हा जेव्हा माझं काही घ्यायचं असेल तेव्हा. तुमचं काही माझं करायची वेळ आली तेव्हा ते कधी ऐकू आलं नाही. मग घाट संपेपर्यंत मी तुम्हाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. दोरा कसा सैल पडला, ठणका कसा लागला, मुळांकडं ती कशी निघाली, आणि बाभळीच्या बुंध्यातल्या मरळीनं मला काय शिकवलं होतं. म्हटलं, निदान ह्यांना कळू दे की आपण काय चोरलंय. तुम्ही रस्त्याकडं बघत होतात. मला वाटलं, एका कानानं ऐकताय.

पुढच्याच आठवड्यात घरी डॉक्टर आले आणि तुम्ही सोफ्यावर पुढं सरकून सांगायला लागलात, "दोरा आधी सैल पडला. मला वाटलं, गेला. मग बोटाला बारीक ठणका, नाडीसारखा..."

मी चहा घेऊन दारात उभी होते. शब्दन् शब्द माझा. एकही चुकला नाही. बाभळीच्या बुंध्यापर्यंत आलात आणि क्षणभर अडखळलात, कारण बाभळी तुम्ही कुठून आणणार? तर तिथं तुम्ही 'अनुभव' हा शब्द घातलात. आणि शेवटी स्वतःचा धडधाकट तळवा पुढं केलात. "दोऱ्यानं चिरला होता." डॉक्टरांनी चष्मा लावून तो बघितला आणि मान हलवली. दंतवैद्यच ते. त्यांना तरी हाताचं काय कळणार.

मला तुमची किळस आली त्या दिवशी. खरं सांगते. आणि त्याच वेळी, ट्रे हातात धरून उभी असताना, हेही कळलं की घाटभर तुम्ही दोन्ही कानांनी ऐकत होतात. माझं एवढं नीट याआधी तुम्ही काहीच ऐकलं नव्हतं. त्याचं काय करायचं ते मला तेव्हा समजलं नाही, अजूनही नाही.

त्यानंतर मी तो विषय काढला की तुम्ही उठून गच्चीवर जायचात.

तुम्ही जाऊन महिना व्हायच्या आधीच प्रमोदराव आणि डॉक्टर घरी आले. आपली मुलगी पुण्याला परत गेली होती. घरात मी, दादा आणि अंथुर्ण्याहून आलेल्या तुमच्या आई. प्रमोदरावांच्या चेहऱ्यावर सरकारी दुःख होतं. म्हणाले, "वहिनी, आम्ही ठरवलंय. सुधाकररावांच्या नावानं दर वर्षी खाडीवर स्पर्धा घ्यायची. करंडकावर तोच फोटो. आणि त्यांचे रॉड ग्रुपकडं असावेत, म्हणजे स्मृती जपली जाईल."

मी म्हणाले, "तो मासा मी धरला होता."

मग प्रमोदराव हसले, आजारी माणसापुढं हसतात तसं. "असू दे, वहिनी. दुःखात माणसाचं असं होतं."

"मला काही झालेलं नाही. तुम्ही ताडपत्रीवर पडला होतात."

"मी होतो की तिथं! डोळ्यांनी बघितलंय."

"काय बघितलंत?"

"वहिनी, आता गेलेल्या माणसाकडून मासा काढून घेताय व्हय?"

अहो, एवढ्या वर्षांत मी तुमच्या मित्रांना चहा दिला, पोहे दिले, त्यांच्या फालतू विनोदांना हसले. त्या वाक्यावर मला उठून त्यांना दार दाखवायचं होतं. पण माझ्या आधी कोपऱ्यातल्या दिवाणावरून तुमच्या आईंचा आवाज आला. त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या, आम्हाला वाटत होतं झोप लागलीय.

"तिनंच धरला हुता," त्या म्हणाल्या.

प्रमोदराव म्हणाले, "आजी, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सुध्यानं. दुसरं कोण सांगणार? अंथुर्ण्याला आला हुता, जेवताना सांगितलं. म्हनला, आई, मासा वैशालीनं धरला, मी नुसता उचलला. हात फाटला तरी सोडला न्हाय म्हनला." मग त्या वळल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मी म्हनलं, आरं मग सांग की तिला तसं. तर म्हनला, तिला नको सांगू. डोक्यावर चढून बसंल."

दादा फस्सकन हसला. मग त्यानं तोंडावर हात धरला आणि बाहेर निघून गेला. त्याचे खांदे हलत होते, हसण्यानं की कशानं ते मी बघितलं नाही.

प्रमोदरावांनी चहा न घेता काढता पाय घेतला. डॉक्टर दारात थांबून म्हणाले, "वहिनी, तळवा बघू?" मी नाही दाखवला. त्यांना आधी एक तळवा दाखवून झाला होता.

अहो, तुम्ही आईला सांगितलंत. दोन वर्षं ते वाक्य अंथुर्ण्यात होतं आणि बारामतीत मी त्याची वाट बघत होते. घरातून तिथं जायला कितीसा वेळ लागतो? भित्रा माणूस. मला वाटायचं तुम्ही चोर आहात, चोराला निदान हिंमत लागते. तुम्ही खरं बोलायला आईच्या पानापर्यंत पळून गेलात आणि परत येताना ते तिथंच ठेवून आलात. डोक्यावर चढून बसेल! बसले असते. एक दिवस बसले असते, मग उतरून तुम्हाला जेवायला वाढलं असतं. मला एवढंही ओळखलं नाहीत?

'हात फाटला तरी सोडला न्हाय.' हे मात्र मी आईंना पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. प्रत्येक वेळी त्यांनी ते तुमच्या आवाजात सांगितलं.

शेवटच्या वेळी सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "समुद्र कसा असतो गं? मी बघितला न्हाय."

मी थक्क झाले. "तुम्हाला नेलं नाही कधी?"

"इचारलं हुतं एकदा. म्हनला, बोट हालती."

महिना झाल्यावर मी इकबालभाईंना फोन केला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नाकं मुरडली. नवरा जाऊन किती दिवस झाले आणि ही निघाली समुद्रावर. जोशीवहिनी जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "अस्थी का?" मी म्हटलं, "नाही, सासूबाई."

दादानं गाडी चालवली. धक्क्यावर इकबालभाईंनी आणि त्यानं आईंना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवलं. तुमच्याबद्दल कळल्यावर इकबालभाई मान खाली घालून म्हणाले, "साहेब माणूस चांगला होता." मी म्हणाले, "मासे धरता येत नव्हते त्यांना." ते म्हणाले, "नव्हतेच."

या वेळी कुणी गळ टाकला नाही. मला टाकावासाही वाटला नाही. आई खुर्चीचे दोन्ही हात धरून ताठ बसल्या होत्या, डोक्यावरचा पदर दातांत धरलेला. खाडीच्या तोंडाशी बोट वर गेली आणि खाली आली. मी त्यांना धरायला सरकले तर त्यांनी माझा हात झटकला. पुढं सगळं पाणीच होतं, थेट आभाळापर्यंत. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग वाकून पाण्यात बोटं घातली, जिभेला लावली आणि थुंकल्या.

"खारट हाय की गं," त्या म्हणाल्या. "ह्याच्यापायी?"

आणि मग, अहो, त्या उठायला लागल्या. दादा ओरडला, "आई, बसा!" इकबालभाईंनी झटकन इंजिन बंद केलं. त्या अर्ध्या उठल्या, एका हातानं माझा खांदा धरला आणि समोरच्या पाण्याकडं बघून मोठ्यानं म्हणाल्या, "सुध्या! आरं, मला आनायला काय झालं हुतं रं तुला? आँ? तोंड न्हाय का तुला? बोल की!"

दादानं तोंड फिरवलं. इकबालभाईंनी टोपी काढून हातात घेतली. मी आईंना बसा म्हणाले नाही, थांबवलं नाही. मला जे विचारायचं होतं ते त्याच विचारत होत्या, माझ्यापेक्षा चांगल्या आवाजात, आणि त्यांना तुम्हाला अरे-तुरे करता येत होतं. त्या बोलत राहिल्या, दम लागेपर्यंत. मी त्यांच्या कमरेला धरून उभी होते.

द्या आता उत्तर त्यांना. माझं राहू दे.